गुरं हटली की फुलं वाढतातच असं नाही

कुणीतरी लिहिलंय, "माणूस आणि गुरं हटली की निसर्ग आपोआप फुलतो." अर्धंच खरं आहे हो. स्वीडनचं ओलांद बेट घ्या. दक्षिणेकडचा चुनखडीचा माळ शतकानुशतकं गुरामेंढरांनी खुरटा ठेवलेला. चराई घटली तिथं जुनिपरची झुडपं माजली. गवत उंच होतं, वाळलेल्या पात्यांचा थर साचतो, जमिनीलगत ऊन पोचत नाही आणि बोटभर उंचीच्या रोपांचं बी रुजेनासं होतं. गंमत म्हणजे सुरुवातीला फुलं जास्तच दिसू शकतात, तोंड मारायला कोणी नसतं ना! बहुवर्षायू रोपं तग धरतात, म्हणून ऱ्हास उशिरा कळतो. त्यात बेट, म्हणजे गेलेलं बी पाणी ओलांडून परत येणं अवघड.

स्कॉटलंडच्या सेंट किल्डा या बेटांच्या समूहावरून १९३० मध्ये शेवटची ३६ माणसं कायमची निघून गेली, पण १९३२ मध्ये तिथल्या हिर्ता बेटावर सोए जातीच्या मेंढ्या सोडल्या. म्हणजे माणसं आणि शेती गेली, तरी चराई राहिली.

आमच्या कोल्हापूरकडचं मसाई पठारही उंचावरचं एक बेटच की. पण तिथली बरीच फुलं एका पावसाळ्यात उगवून संपणारी. बी धरायच्या आधीच खुडली किंवा चरली गेली तर फटका लवकर बसणार. त्यामुळे ओलांदचा हिशेब जसाच्या तसा लावू नका. गुरं कोणत्या महिन्यात वर जातात, हे आधी म्हशी राखणाऱ्यांना विचारा.