फोमशिवायची, मोकळी फुलसजावट आपल्या लग्नांत चालेल का?

पुणे_सजावट (धागाकर्ता)
गेल्या काही हंगामांत लग्नांच्या सजावटीत दोन नव्या गोष्टी जोरात आल्यात. एक म्हणजे पॅम्पस गवताचे पांढरे तुरे आणि त्यासोबतची सुकवलेली, रंगवलेली फुलं. दुसरी म्हणजे मोकळी मांडणी: उंचसखल दांड्या, मध्ये मुद्दाम सोडलेली जागा, कळ्या, पानं, चक्क बांधावरचं गवतसुद्धा, आणि हे सगळं फोम न वापरता. पहिलीला माझा विरोध आहे. दुसरी आपण मनापासून उचलावी, असं मला वाटतं.

फोम म्हणजे तो हिरवा ठोकळा, आपण ज्याला सरसकट ओअ‍ॅसिस म्हणतो. १९५४ साली अमेरिकेत तो बाजारात आला आणि जगभरच्या फुलवाल्यांचा हात त्याच्यावर बसला. पण ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक आहे. ते कुजत नाही, त्याचा चुरा होतो आणि बादलीतल्या पाण्याबरोबर तो गटारात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला, त्यात लंडनचं चेल्सीचं नावाजलेलं पुष्पप्रदर्शनही आलं. आपल्या राज्यात २०१८च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची मखरं गेली, हा ठोकळा मात्र निवांत आहे.

पर्याय जुनेच आहेत. इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना, तिच्यातला केंझान म्हणजे दांड्या टोचायची खिळ्यांची बैठक, नाहीतर खुराड्याची जाळी चुरगळून भांड्यात बसवायची. लंडनची नामांकित फुलसजावटकार कॉन्स्टन्स स्प्राय फोम येण्याच्या कितीतरी आधी जाळीवरच काम करायची. केल या पालेभाजीची पानं, रानझुडपं काहीही लावायची, आणि १९५३च्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुलंही तिच्याच देखरेखीखाली सजली. या पद्धतीत एकसारखी आयात फुलं लागत नाहीत. थायलंडच्या ऑर्किडऐवजी आपला निशिगंध, अष्टर, शेवंती चालते. म्हणून म्हणतो, बाहेरून आलेली ही पहिली फॅशन आहे जी आपल्या बाजाराला सोयीची आहे.

रात्रपाळी_मांडव
वाचायला छान. आता कामाचं बोलू. कार्यालयाचा ताबा रात्री अकराला मिळतो, आधीच्या रिसेप्शनचा केर काढण्यात बारा वाजतात आणि मुहूर्त सकाळी नऊचा. फोमवरचे नग आम्ही गोडाऊनला दुपारीच भरून ठेवतो आणि टेम्पोत रचून नेतो. जाळी आणि पाण्याचं भांडं घेऊन गतिरोधकावरून जाऊन दाखवा! अर्धं पाणी टेम्पोत, अर्धं पोरांच्या अंगावर.

दुसरं, डोक्यावरच्या कमानीत पाणी ठेवायचं कुठे? मे महिन्यात हायड्रेंजिया दोन तासांत मान टाकतं. फोमलाही शिस्त लागते, हे मान्य. तो पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यावा लागतो. घाईने दाबला की आत कोरडा राहतो आणि फुलं सुकल्याचं खापर फुलांवर फुटतं. पण नीट भिजवलेला एक ठोकळा रात्रभर निभावतो. माझ्याकडे चार माणसं आहेत. जाळीच्या कामाला सात लागतील. वरच्या तिघांचे पैसे कोण देणार, वधूपिता?

पुणे_सजावट
कमानीत हायड्रेंजिया लावायचंच कशाला? झेंडू, शेवंती बिनपाण्याची दिवसभर टिकतात. आपले हार त्याच भरवशावर चालतात ना? नाजूक दांड्या असतील तर पाण्याच्या नळ्या लावा. मजुरीचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यासाठी दर वाढवून सांगावा लागतो, आणि तो आपण भीतीपोटी सांगत नाही.

डिसेंबरची_नवरी
इथे गिऱ्हाईकाला कुणी विचारतच नाहीये. मला पॅम्पस हवंय. भाड्याने मिळतं, तेच तुरे पुढच्या लग्नाला जातात. ताजी फुलं संध्याकाळी थेट कचऱ्याच्या गाडीत. मग पर्यावरणाची बाजू नक्की कुणाची? आणि झेंडू आम्ही हळदीला वापरतोच, लग्नात फोटो फिक्या रंगातच हवेत.

दादर_पहाटे
ताई, भाड्याचा हिशोब पटला. पण पॅम्पस हे वाळकं गवत आहे आणि आपल्या लग्नात होम असतो. मंडपाच्या चारही खांबांना वाळकं गवत आणि मध्ये अग्नी? निदान होमापासून लांब ठेवायला सांगा. वर त्याचा भुगा शालूवर बसतो तो वेगळाच. कॅलिफोर्निया, न्यूझीलंडमध्ये हे गवत मोकाट पसरून डोकेदुखी झालंय. इथे त्याची शेती कुणाला सुचू नये म्हणजे मिळवली.

धागाकर्त्यांनाही एक सांगायचंय. बिनफोमचं काम ‘नवं’ म्हणून विकू नका. लड, तोरण, वेणी, केळीचे खांब यांत फोम कधी होता? आमच्याकडच्या बायका नगावर पैसे घेऊन लडी ओवतात. तुमच्या छायाचित्राखाली नाव डिझायनरचं.

रात्रपाळी_मांडव
आणि त्या लडी आता नायलॉनच्या दोऱ्यात असतात, तेही सांगा की.

दादर_पहाटे
असतात. सुती दोरा सांगून मागवा, मिळतो. मागत कुणी नाही.

मेलबर्नकर
इथल्या आरएमआयटी विद्यापीठाने फोमच्या कणांवर अभ्यास केला होता. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले छोटे जीव ते कण खातात, असं त्यात दिसलं. तेव्हा चुरा ‘इतकासाच’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मावळ_पॉलिहाऊस
सगळे बोलले, आता पिकवणाऱ्याचं ऐका. गुलाबाची गड्डी वीस दांड्यांची आणि भाव दांडीच्या लांबीवर: चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर. दांडी सरळच हवी. वाकडी निघाली की बाजूला. व्हॅलेंटाइनला परदेशी माल जातो तेव्हा तर विचारूच नका. आम्हाला वर्षानुवर्षं सरळ दांडी काढायला शिकवलं, आणि आता तुम्हाला वाकडी, ‘नैसर्गिक’ हवी!

जर्बेरा एकदा लावला की दोन-तीन वर्षं तोच काढायचा असतो. तुमची फॅशन दर हंगामाला फिरते, बँकेचा हप्ता फिरत नाही. आणि फोमपेक्षा आमचा खरा वैरी प्लास्टिकची फुलं आहेत. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात त्यांच्यावरच्या बंदीचा विषय विधानसभेत आला. त्यावर या धाग्यात एक ओळ नाही.

पुणे_सजावट
प्लास्टिकच्या फुलांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, मी ती ठेवतच नाही. वाकड्या दांड्यांचं म्हणाल तर त्या मी घेतो. चाळीस सेंटिमीटरच्या दांडीचा भाव देईन.

मावळ_पॉलिहाऊस
साठची दांडी वाकली म्हणून चाळीसची होते का? खत, पाणी, मजुरी तीच. पन्नासचा भाव द्या आणि लग्नसराईची मागणी दोन महिने आधी लेखी पाठवा. मग माल बाजूला काढून ठेवतो.