६० जणांच्या पायाची तपासणी, मोनोफिलामेंट एकच. कसं जमवायचं?

करवीर_आरोग्य
रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात शुगरवाल्यांचे पाय तपासायचे आहेत. ६० नावं आली आहेत. १० ग्रॅमचा एक मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा तंतू) आहे, एक ट्यूनिंग फोर्क (थरथर कळते का ते बघायचा धातूचा चिमटा) आहे आणि मदतीला नर्सिंगच्या दोन मुली. नेमकं कुठं आणि किती वेळा टेकवायचं? शिवाय बरेच जण म्हणतात, "पाय दुखत नाहीत, मुंग्या नाहीत, मग तपासायचं कशाला?" त्यांना काय सांगू?

फिजिओ_राजारामपुरी
एकावर ६० जण अजिबात करू नका. वाकून वाकून नायलॉनचा तंतू सैल पडतो आणि १० ग्रॅमच्या आतच वाकायला लागतो. मग चांगल्या पायाचा माणूससुद्धा "कळलं नाही" म्हणतो. १०-१५ जण झाले की तो २४ तास बाजूला ठेवायचा. म्हणजे तुम्हाला पाच तरी लागतील.

आधी तंतू हातावर टेकवून दाखवा, मग डोळे मिटायला सांगा. प्रत्येक पायाला तीन जागा: अंगठ्याचा तळ, अंगठ्याच्या मुळाशी चवड्याचा फुगवटा आणि करंगळीच्या मुळाशी तसाच. तंतू काटकोनात धरा, वाकेपर्यंत दाबा, उचला. सगळं मिळून दोन सेकंद. घासू नका. घट्टा किंवा जखम असेल तर तिच्या शेजारी टेकवा. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यातलं एकदा न टेकवताच. हे चुकवू नका, कारण आपली वडीलधारी माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून "व्हय, व्हय" म्हणत राहतात. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर ती जागा ठीक.

फोर्कवरचा आकडा बघा. १२८ हर्ट्झ हवा. कानाच्या तपासणीचा ५१२ चा असेल तर उपयोग नाही. पायाच्या अंगठ्याच्या नखामागच्या हाडावर उभा टेकवा, दोनदा कंप देऊन आणि एकदा कंप न देता. "गार लागतंय" हे उत्तर धरायचं नाही, थरथर कळली पाहिजे.

पाच तंतू मिळाले नाहीत तर बोटानं तपासा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, यांच्या टोकांना आपल्या तर्जनीनं एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. टोचायचं नाही, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर धरा.

दुखत नाही म्हणणाऱ्यांना सांगा: नसा खराब झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच त्रास जाणवत नाही. पायात खडा रुतलेला त्यांना संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसलं की कळतो.

पायताण_आणि_पाय
पायाबरोबर पायताणही तपासा. आत हात घालून खिळा, खडा, वर आलेली शिवण चाचपा. नवं कोल्हापुरी पायताण कडक असतं; अंगठ्याची वादी घासून फोड येतो आणि बधिर पायाला तो कळत नाही. अशांना आत मऊ एमसीआरचा (बारीक छिद्रांच्या रबराचा) थर आणि मागं पट्टा असलेली चप्पल सांगा. पट्टा नसेल तर चप्पल सटकू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात.

बोटांच्या बेचक्या उघडून बघा, चिखल्या तिथंच असतात. टाचेची कोरडी भेगही नोंदवा. नसांमुळं घाम कमी झाला की कातडी अशी होते.

आणि देवळाचं जरूर बोला. चैत्र-वैशाखात अंबाबाईच्या आवारातली फरशी आणि जोतिबाच्या पायऱ्या भाजतात. बधिर तळव्याला फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. दर्शन सकाळी लवकर घ्यावं, जाड सुती मोजे घालावेत.

शाहूपुरी_नर्स
वहीत "बधिर" एवढंच लिहून सोडू नका. घोट्याच्या आत मागच्या बाजूची आणि पायाच्या पाठीवरची नाडी बघा. स्पर्श आणि नाडी दोन्ही ठीक असतील तर वर्षानं पुन्हा. पाय बधिर असेल किंवा नाडी लागत नसेल तर सहा ते बारा महिन्यांत. दोन्ही असेल तर तीन ते सहा महिन्यांत, आणि पूर्वी जखम झालेल्याला एक ते तीन महिन्यांत.

एक पाय गरम, लाल, सुजलेला आणि तरी दुखत नाही असं दिसलं तर चालू देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं पाठवा. आतलं हाड मोडत असू शकतं. बरीच वर्षं मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) घेणाऱ्यांना बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी, सगळं शुगरच्या नावावर टाकू नका.

करवीर_आरोग्य
फोर्क बघितला, ५१२ चा निघाला. तो बदलून घेतो. तंतू दोनच मिळतायत, म्हणून सगळ्यांची बोटाची तपासणी करतो. दोन्ही तंतू त्यात अडखळणाऱ्यांसाठी राखून ठेवतो.