ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरी : सल्ला, इशारा की तंबी?

सदाफुली: एक बातमी मराठीत करतेय, 'ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरी' या एका शब्दावर अडलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या पंतप्रधान ताकाइची संसदेत म्हणाल्या की चीन तैवानवर चालून गेला तर जपान लष्कर वापरू शकेल, आणि आठवड्याभरात चीनने आपल्या लोकांना सांगितलं, सध्या जपानला जाणं टाळा. मी 'प्रवास-इशारा' लिहिलं तर संपादक म्हणतात इशारा शत्रूला देतात, आपल्या माणसाला सल्ला. पण हवामान खातं मच्छीमारांना इशाराच देतं ना?

दक्षिणदरवाजा: तिथे वादळ खरोखर असतं म्हणून तो इशारा. जपानात त्या आठवड्यात असं काय बदललं होतं? कारण दिलं सुरक्षिततेचं, आणि लगोलग चिनी विमान कंपन्या जपानची तिकिटं फुकटात रद्द करून द्यायला लागल्या. ही तंबी आहे आणि ती जपानला आहे. लेकी बोले सुने लागे. २०१७ ला दक्षिण कोरियात थाड ही अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसली म्हणून चीनने ग्रुप टूर बंद पाडल्या, आदल्या वर्षीचे ८० लाख चिनी पाहुणे निम्म्यावर आले.

अक्षरवेध: इशारा, तंबी, ताकीद सगळे अरबीतून आलेले. 'दक्षता-सूचना' हा स्वच्छ शब्द असताना उसनवारी कशाला?

टांकसाळ: सल्लासुद्धा अरबीच, तो पण काढणार का? उर्दूत इशारा म्हणजे खूण, मराठीत आला आणि धोक्याचा झाला. तंबी मुळात सावध करणं, आपण त्यात दम भरला. अर्थ वापरणारे ठरवतात, कोश नाही.

वैनगंगाकाठ: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. अमेरिकेच्या जून २०२५ च्या भारताबद्दलच्या सूचनेत नक्षलवाद्यांमुळे पूर्व महाराष्ट्राचं नाव होतं. २०१९ च्या महाराष्ट्र दिनाला जांभुळखेड्याच्या स्फोटात आमच्या गडचिरोलीचे १५ पोलीस गेले, तो धोका काही कुणी वॉशिंग्टनमध्ये बसून रचलेला नाही. पण सरसकट 'पूर्व महाराष्ट्र' म्हटलं की ताडोबाची जिप्सी चालवणारा पोरगाही त्यात भरडला जातो, याचा राग येतो.

ठाणेकरीण: आपल्या सरकारचंही बोला की. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो निज्जरच्या हत्येमागे भारताचा हात असू शकतो असं तिथल्या संसदेत बोलले आणि दोन दिवसांनी, २० सप्टेंबर २०२३ ला, कॅनडातल्या भारतीयांसाठी सूचना निघाली. माझी भाची ब्रॅम्प्टनला शिकत होती, ताई रात्रभर फोन करत राहिली आणि ती म्हणत होती मावशी आईला सांग, मी लायब्ररीत बसलेय. मंदिरांच्या भिंतींवर घाण लिहिली जात होती हे खरंच, त्याची काळजी आम्हालाही होती. पण त्या सूचनेत द्वेषाच्या गुन्ह्यांना राजकीय आशीर्वाद असल्याचं लिहिलं होतं. विद्यार्थ्याने कुठे जाऊ नये, रात्री किती वाजेपर्यंत फिरावं हे सांगायला हे वाक्य कशाला लागतं? ते ओटावासाठीच, म्हणजे कॅनडाच्या सरकारसाठीच होतं.

अक्षरवेध: असेल. तरी बातमीत 'तंबी' लिहिलं की बातमीदाराने आपलं मत घुसवलं. पत्रकात जे आहे तेवढंच द्या.

दक्षिणदरवाजा: आणि 'सल्ला' लिहिलं की सरकारचं मत घुसलं, ते चालतं?

टांकसाळ: ताकीद कुणी विचारातच घेतलं नाही. पेशवाईच्या कागदांत 'ताकीद करणे' जागोजाग येतं, आपल्याच अंमलदाराला वरून आलेला हुकूम. चीनमधल्या ट्रॅव्हल एजंटला काय पोचलं असेल, सल्ला की ताकीद? कुणाकडे मोडी कागदांतली उदाहरणं असतील तर टाका, ताकीदपत्र आणि आज्ञापत्र यातला फरकही बघायचाय.