पाठ दुखली की सरसकट एमआरआय करावा का?

तासगावकर: वडिलांची पाठ चार महिने दुखत होती. द्राक्षबागेतल्या कामानं धरली असेल म्हणून मलम, पट्टा, गोळ्या. एक्स-रेत ‘वयोमानानुसार झीज’. शेवटी मिरजेत एमआरआय केला, तर दोन मणके आणि मधली चकती खराब, शेजारी पू. टीबी! म्हणून म्हणतो, सहा आठवड्यांवर दुखणाऱ्या प्रत्येक पाठीचा एमआरआय करा. एक्स-रे म्हणजे पैसे पाण्यात.

कोरेगावची सून: प्रत्येक? आल्याच्या काढणीत आमच्या अख्ख्या गावाची पाठ दुखते. चाळिशीनंतर धडधाकट माणसाच्या एमआरआयतही झिजलेल्या चकत्या दिसतात, मग घाबरून ऑपरेशनच्या चौकश्या सुरू. वडिलांचं वजन उतरलं होतं का? संध्याकाळी ताप?

तासगावकर: आठ किलो. रात्री घामही यायचा.

कोरेगावची सून: मग चुकलं ते विचारपूस करण्यात. एक्स-रेला कशाला बोल लावता?

फिल्मवाला, मिरज: मी डॉक्टर नाही, पण बावीस वर्षं मशीनवर आहे. हाडातला ३० ते ५० टक्के चुना गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत नीट काही दिसत नाही. एमआरआयला हाडाच्या आतली सूज त्याआधीच दिसते, एवढं तासगावकरांचं बरोबर. पण फिल्मवर जंतूचं नाव लिहून येत नाही. कच्च्या दुधातून, जनावरांतून होणारा ब्रुसेलाही मणका असाच खातो. सीटीवर बघून सुईनं तुकडा घ्यायचा, सीबीनॅटला, म्हणजे टीबीचा जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणाऱ्या चाचणीला पाठवायचा. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही त्यात कळतं. सुई टोचली होती का?

तासगावकर: भीतीनं आम्हीच नको म्हणालो. एमआरआयवरच औषध सुरू झालं.

फिल्मवाला, मिरज: इथंच माझं पटत नाही. वर्ष-दीड वर्षाचं औषध, आणि जंतू दाद देणारा आहे का ते माहीत नाही.

वाईकर: आमच्या ताईच्या गुडघ्याला ‘छातीचा फोटो स्वच्छ, म्हणजे टीबी नाही’ म्हणून परत पाठवलेलं. निघाला टीबीच. हाडाच्या टीबीत कित्येकांची छाती स्वच्छ असते, राव!

तासगावकर: बरं, ‘प्रत्येक’ मागं घेतो. ‘पाण्यात’ नाही घेत. आता तीन महिन्यांनी परत एमआरआय सांगितलाय. पू तसाच दिसला तर?

फिल्मवाला, मिरज: लगेच हबकू नका. माणूस आधी सुधारतो, फोटो मागून. वजन, ताप, दुखणं यांवर नजर ठेवा, आणि सुईचा विषय डॉक्टरांकडं परत काढा. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मात्र तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन या.