मदत हवी आहे: पेस्ट कंट्रोलच्या परवान्यासाठी पदवी कोणाची धरतात?

फोंड्यात भावोजींसोबत वाळवी आणि झुरळांच्या फवारणीचं काम सुरू करतोय. म्हापशाच्या एका सोसायटीने पहिल्याच भेटीत परवान्याची प्रत मागितली, तिथेच गाडी अडली.

कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम १० वाचला. विज्ञान (रसायनशास्त्रासह) किंवा कृषी पदवी आणि मान्य संस्थेचं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण लागतं. मी बी.कॉम., भावोजी बारावी. भाची रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालीय, हैदराबादला प्रशिक्षणाला जायला तयार आहे. पण धंदा माझ्या नावावर आहे. विभागीय कृषी कार्यालयात दोनदा जाऊन आलो, दोन खिडक्यांवर दोन उत्तरं.

धुरी देणं, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड वगैरेचा विषारी वायू सोडणं, करायचंच नाही, तेव्हा त्याची वेगळी मंजुरी नको. फक्त वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस आणि बायफेन्थ्रिन ही औषधं, आणि झुरळांची जेल. दुकानदार म्हणतो, 'पिवळ्या त्रिकोणाची (अतिविषारी खुणेची) बाटली कोणीही नेतं.' विकत मिळते हो, पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरात मारायची म्हणजे परवाना आलाच.

गोव्यात अलीकडे हा परवाना काढलेल्यांनी सांगावं: भाचीला पगारी तांत्रिक व्यक्ती दाखवून अर्ज माझ्या नावाने चालतो, की तिला भागीदारच करावं लागतं?