मदत हवी आहे: झेनोमॉर्फचा पुतळा घ्यावा का?

नमस्कार मंडळी. भुसावळला एकाकडे 'एलियन' (१९७९) चित्रपटातल्या झेनोमॉर्फचा (त्यातला परग्रहावरचा हिंस्र प्राणी) १/४ स्केलचा पॉलिस्टोनचा पुतळा विकायला आहे. पाहून आलो. मूळ चित्रपटातल्यासारखं डोक्यावर अर्धपारदर्शक कवच आहे, आतली कवटी पुसटशी दिसते. नुसता काळा रंग फासलेला नाही. तिथंच जीव अडकला.

पण शेपटी कमरेला जुळते तिथं केसाएवढी रेघ आहे, आणि तेवढ्याच भागात रंगाची चकाकी वेगळी वाटते. दुरुस्ती केलेली असेल का? टॉर्च तिरका धरून आणखी काय पाहू? तळाशी नंबर आहे, खोकाही मूळचाच आहे.

खरी काळजी आमच्या जळगावच्या उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेला. पॉलिस्टोन म्हणजे रेझिनमध्ये दगडाची भुकटी, त्यामुळे तो पीव्हीसीसारखा मऊ पडून वाकत नाही. पण ते पारदर्शक कवच? उन्हानं पिवळं पडेल ना? काचेच्या बंद कपाटात धूळ टळेल, पण आत उष्णता कोंडली तर?

खान्देश-विदर्भात असे पुतळे उन्हाळ्यातून सांभाळलेल्यांनी कृपया सांगा. रविवारपर्यंत विकणाऱ्याला हो-नाही कळवायचंय.