ट्रिब्यूटच्या नावाखाली आपण नक्की काय बघतोय?

रामबागकर:
मागच्या रविवारी भाच्याला घेऊन एक नवा मारधाडीचा पिक्चर बघितला. नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न त्या एकाच पिक्चरचा नाहीये, ट्रिब्यूटचा आहे, म्हणजे जुन्या पिक्चरला सलाम म्हणून त्यातलं काहीतरी नव्यात आणतात त्याचा. इंटरव्हलच्या जरा आधी हिरो धुरातून बाहेर येतो, मागे सत्तरच्या दशकातली ओळखीची धून, दंडावर हमालाचा बिल्ला, आणि अख्खं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं. मीपण मारली, खोटं कशाला बोलू. भाचा सोळा वर्षांचा, माझ्याकडे बघून विचारतो, "मामा, लोकं ओरडली कशाला? त्याने तर अजून काही केलंच नाही." मग पॉपकॉर्नच्या लाइनीत उभं राहून मी त्याला दीवार, १९७५, गोदीतला हमाल, बिल्ला नंबर ७८६, सगळं सांगत बसलो आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की पोरगं बरोबर बोलतंय. ती शिट्टी जुन्या पिक्चरची होती, नव्याने कमावलेली नव्हती.

आता कोणी म्हणेल शोलेसुद्धा उचलूनच केलाय. हो, केलाय. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा सेव्हन सामुराई, इटालियन दिग्दर्शक लिओनेचे वेस्टर्न म्हणजे काउबॉयचे पिक्चर, शिवाय घरचाच मेरा गाँव मेरा देश, जो १९७१ ला आला आणि ज्यात डाकूचं नाव जब्बर सिंग आहे. ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो सीन लिओनेच्या १९६८ च्या पिक्चरवरून आलाय. पण लिहिणाऱ्या जोडीतले सलीम खान आपल्या इंदूरचे, त्या दोघांनी आणि दिग्दर्शक सिप्पींनी मिळून तो सीन असा काही आपलासा केला की झोपाळ्याची ती कुरकुर, वाऱ्याने उडणाऱ्या पांढऱ्या चादरी, आणि तिथून पुढे ठाकूरच्या अंगावरची शाल, हे सगळं रामगढचंच वाटतं. मी शोले ऐंशीच्या दशकात रिरनला पाहिला, वाड्यातली सगळी मंडळी मिळून गेलो होतो, लिओने कोण हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं आणि तरी त्या सीनला माझी आजी पदर डोळ्याला लावून बसली होती. मूळ न बघितलेल्या माणसालाही ते लागलं पाहिजे, एवढंच मागणं आहे माझं.

मधुमिलनचा प्रेक्षक:
भिया, अजिबात पटलं नाही. प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा बघणाऱ्यासाठीच का असावी? कीर्तनाला बसलेल्यांना अभंग पाठ असतो, बुवांनी पहिला चरण घेतला की दुसरा आपोआप ओठावर येतो आणि आनंद त्यातच असतो. नाट्यसंगीतात तेच, पद माहीत असतं म्हणून तर वन्स मोअर मिळतो. थिएटरमध्ये चारशे अनोळखी माणसांना एकाच क्षणी एकच गोष्ट आठवते, ही छोटी गोष्ट नाहीये राव, आजकाल एवढी माणसं एकत्र कुठे काय आठवतात? तमिळ दिग्दर्शक लोकेश कनगराजने २०२२ च्या विक्रममध्ये कमल हासनचा १९८६ च्या जुन्या विक्रममधला एजंट परत आणला, छत्तीस वर्षांनी, आणि शिट्ट्या मारणारी निम्मी पोरं १९८६ ला जन्मलीसुद्धा नव्हती. त्यांना कोणी समजावलं? कोणी नाही. ती हवा त्यांना लागली.

रामबागकर:
कीर्तनाचं उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. बुवा अभंग म्हणून खाली बसत नाहीत, पुढे निरूपण करतात, तास तास करतात, आणि पहिल्यांदा आलेलं पोरही उठताना काहीतरी घेऊन उठतं. मला हे निरूपणच हवंय. धून वाजवली, बिल्ला दाखवला, पुढे काय? त्या बिल्ल्याने नव्या गोष्टीत काही काम केलं का? दीवारमध्ये तो बिल्ला गोळी अडवतो, आणि शेवटी हातातून निसटतो तेव्हा माणूस मरतो. बिल्ल्यात त्याचा अख्खा जीव आहे. इथे तो नुसता दंडावर.

विक्रमबद्दल तुमचं खरं आहे. तिथे म्हातारा झालेला एजंट हीच गोष्ट आहे, म्हणून जुनं नाव नुसतं सजावटीला लावल्यासारखं वाटत नाही.

सरळ बोलतो:
एवढा सभ्यपणा कशाला, सरळ चोरी म्हणा ना. कुरोसावाचा योजिंबो १९६१ चा, लिओनेने १९६४ मध्ये त्यावरून आपला वेस्टर्न केला, विचारलं नाही, पैसे दिले नाहीत. योजिंबो काढणाऱ्या तोहो कंपनीने दावा लावला तेव्हा कुठे तडजोड झाली आणि कमाईतला १५ टक्के वाटा द्यावा लागला. आणि आज त्याच लिओनेला सगळे ट्रिब्यूट देतायत. म्हणजे पकडला गेला तर नक्कल, पन्नास वर्षं गेली की आदरांजली. आपल्याकडे तर पकडतसुद्धा कोणी नाही, इंग्लिश आणि कोरियन पिक्चरांच्या फायटी शॉट टू शॉट उचलल्यात आणि क्रेडिटमध्ये एक ओळ नाही. माझ्या मते फरक एकच, नाव घेतलं की नाही. अमेरिकन दिग्दर्शक टॅरंटिनोने २००३ च्या किल बिलमध्ये ब्रूस लीचा तो काळ्या पट्ट्यांचा पिवळा सूट उघड उघड घातला, जपानचे जुने अॅक्शन हिरो सोनी चिबा यांना बोलावून तलवार घडवणाऱ्याचा रोल दिला, जपानी नटी-गायिका मेइको काजीचं जुनं गाणं तिच्याच आवाजात ठेवलं. हा मान झाला. ज्याचं घेतलं त्याला दारात उभं केलं.

टॉकीजवाल्याची लेक:
माझे बाबा इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, रीळं बदलायचे, त्यामुळे मारधाड मी केबिनच्या छोट्या खिडकीतून बघत मोठी झालेय आणि मला या विषयावर राग येतो तो वेगळ्याच कारणाने. ट्रिब्यूट नेहमी हिरोलाच का? गॉगल, चाल, डायलॉग, सगळं हिरोचं. शोलेमधली टांग्याची पळापळी सगळ्यांना आठवते, पण हेमा मालिनीच्या जागी तिथे स्टंट करायला रेश्मा पठाण होत्या हे किती जणांना माहीत होतं? त्यांच्यावर पिक्चर निघायला २०१९ उजाडलं. त्याच्याही मागे जा, १९३५ चा हंटरवाली, त्यातली नटी नादिया स्वतः चाबूक घेऊन स्टंट करायची. आणि आपले मास्टर विठ्ठल, ज्यांना लोक भारताचे डग्लस फेअरबँक्स (हॉलिवूडच्या मूकपटांतला तलवारबाज हिरो) म्हणायचे, तलवारबाजीचे मूकपट गाजवले, पहिल्या बोलपटाचे म्हणजे आलम आराचे नायक, मराठी माणूस, त्यांना कुठल्या अॅक्शन पिक्चरने सलाम केल्याचं मी तरी पाहिलं नाही. जे आधीच सगळ्यांच्या लक्षात आहे त्यालाच परत परत हार घालायचा हे मला सोपं काम वाटतं.

मधुमिलनचा प्रेक्षक:
ताई, मास्टर विठ्ठलांच्या बाबतीत पूर्ण सहमत. मूकपटांची रीळंच फारशी उरली नाहीत, मग दिग्दर्शक तरी बघणार काय आणि सलाम करणार कशाला, हे त्यातलं मोठं दुःख. पण त्यामुळे जे उरलंय त्याला सलाम करू नये असं कसं म्हणता येईल? आम्हाला शिट्टी मारू द्या की.

सेकंड इयर:
मी एकोणीस वर्षांचा आहे, रामबागकर काका, तुमच्या भाच्यापेक्षा थोडाच मोठा. तुम्ही म्हणता की समजावून सांगावं लागलं तर सीन फेल. माझं उलटं झालंय. मर्द को दर्द नहीं होता बघितला, वासन बालांचा, २०१९ ला आलेला, त्यातलं निम्मं मला कळलंच नाही की हे कशावरून आलंय, आणि न कळल्यामुळेच मी रात्रभर शोधत बसलो. त्यातून ब्रूस लीपर्यंत गेलो, तिथून जुन्या हाँगकाँगच्या पिक्चरांकडे, मग आपल्या ऐंशीच्या दशकातल्या हिंदी मारधाडीकडे. घरी कोणी मला हे दाखवलं नव्हतं. बाबांना पिक्चरची आवड नाही आणि आमच्या कॉलनीत जुना पिक्चर लावणारी टॉकीज उरलेली नाही, रीगल टॉकीज माझ्यासाठी फक्त चौराह्याचं नाव आहे. मला हे पिक्चर नसते मिळाले तर मी जुन्याकडे गेलोच नसतो, म्हणून कोणी ट्रिब्यूटला फालतू म्हटलं की मला लागतं.

रामबागकर:
बाळा, तुझं वाचून थांबलो जरा. रीगलचं वाक्य दोनदा वाचलं.

तू नाव घेतलंस तो पिक्चर मला आवडतो आणि का आवडतो ते आत्ता नीट कळतंय. त्यातला मुलगा स्वतःच व्हिडिओ कॅसेटी बघून लढायला शिकतो, म्हणजे जुने पिक्चर हेच त्याचं बालपण आहे, ते काढले तर गोष्टच उरत नाही. पण तुझा मुद्दा माझ्या मागण्यापेक्षा मोठा आहे, न कळलेली गोष्टसुद्धा माणसाला शोधायला लावते, हे मी धरलंच नव्हतं. भाच्याने पण विचारलंच ना शेवटी. त्या बिल्ल्याच्या सीनवर माझा राग तसाच आहे, तो मागे घेत नाही. फक्त समजावावं लागलं म्हणून सीन फसला, हे मागे घेतो.

टॉकीजवाल्याची लेक:
मग भाच्याला शोले दाखवला की नाही?

रामबागकर:
येत्या रविवारी, सकाळी पोहे-जलेबी झाली की लगेच. त्याला आधी काही सांगणार नाही असं ठरवलंय.

सरळ बोलतो:
कुठला शेवट दाखवणार? सेन्सॉरने आणीबाणीत बदलायला लावलेला, पोलीस येऊन थांबवतात तो, की मूळचा, ठाकूर स्वतः गब्बरला मारतो तो?

रामबागकर:
आधी पोलीसवाला, वाड्याने मिळून पाहिला होता तोच. दुसरा तो स्वतः मागेल तेव्हा.